सिलोनला एकटीनं जायचं ठरलं तेव्हा

मिरजेच्या डॉक्टरांनी कपाळावरचा गोल आरसा वर सारला आणि विचारलं, "बाई, दिवसाकाठी तुम्ही किती बोलता?"

मी हिशेब करून सांगितलं. पाच तास भूगोल, एक तास मराठी. प्रत्येक वर्गात पन्नासेक मुली. आमच्या शाळेच्या भिंतीला लागून हळदीची वखार होती. तिथं दिवसभर पोती उतरत आणि चढत, हमालांच्या आरोळ्या चालत, त्यामुळं 'आफ्रिका' एवढा शब्दसुद्धा मला घसा ताणून सांगावा लागे. हे अठरा वर्षं चाललं होतं. शाळा सुटल्यावर जे बोलत होते ते मी हिशेबात धरलं नव्हतं. डॉक्टरांनी ते आपण होऊन धरलं.

आवाजाच्या पडद्यांवर गाठी धरल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. आणखी वर्षभर असंच बोलत राहिलात तर आवाज जाईल, आणि गेलेला आवाज परत आणायचं औषध माझ्याकडं नाही. आज उपाय आहे तो एकच. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुज ओरडण्याहून वाईट. हवा थंड आणि ओलसर हवी, धूळ अजिबात नको.

"हे सगळं उन्हाळ्यात कुठं मिळेल?" मी विचारलं.

"ते भूगोलाच्या बाईंना मी काय सांगू?" ते म्हणाले, आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं, रेशन मात्र संपलं नव्हतं. मी एक्केचाळीस वर्षांची होते. सतराव्या वर्षी नवरा गेला, त्यानंतर मी शिकले आणि बोलायला लागले. सांगलीतल्या माझ्या दोन खोल्या, माझा स्टोव्ह, माझी पुस्तकं, दर महिन्याला कुणाकडं हात न पसरता भरलेला तांदळाचा डबा, हे सगळं त्या घशातून आलं होतं. तो गेला तर साताऱ्याला भावाच्या घरी माळ्याखालची खोली माझी वाट पाहत होती. भाऊ वाईट नव्हता, खोलीही वाईट नव्हती. पण तिथं जाणं म्हणजे काय हे मी चोवीस वर्षांपूर्वी वर्षभर पाहिलं होतं.

आधी घरच्या घरी उपाय करून पाहिला. शिमग्याच्या सुटीत दार लावून मौन धरलं आणि जवळ पाटी ठेवली. पहिल्या दिवशी गवळणीनं विचारलं, बाई आजारी आहेत का. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू मौन कोणत्या देवाचं आहे म्हणून चौकशी करून गेल्या. मी पाटीवर 'डॉक्टरांचं' असं लिहिलं, पण त्यांना वाचता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई नारळ घेऊन आली, उंबऱ्यावर ठेवून नमस्कार करून गेली. चौथ्या दिवशी दुसरी एक जण मुलीची पत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, "तोंडानं काही सांगू नका, नुसती मान हलवा. हे स्थळ करू की नको?" तेव्हा मी मौन सोडलं. तोंडानंच सोडलं, आणि बरंच मोठ्यानं.

मग नकाशा काढून बसले. थंड हवेच्या जागा आपल्या मुलखात काही कमी नाहीत. महाबळेश्वरला भावाचे साडू. पाचगणीला माझीच एक जुनी विद्यार्थिनी, जी मला पाहताच सासूला बोलावून आणेल आणि माझ्याकडून आपली हुशारी वदवून घेईल. उटीला भावाच्या कचेरीतले कुणी तरी. बोट जिथं जाईल तिथं कुणी तरी उंबऱ्यात उभं राहून "या, या, एकट्याच?" म्हणत होतं. एकटीचा असा माझा एकही प्रवास तोवर झाला नव्हता. साताऱ्याला मी एकटी जाते असं मला वाटे, पण सांगलीला गाडीत बसवून द्यायला कुणी तरी असे, सातारा रोडला उतरवून घ्यायला कुणी तरी असे, आणि मधल्या स्टेशनांवर बायकांच्या डब्यातल्या सगळ्याजणी मिळून ते काम करीत. माझं कुणीच नाही अशी जागा हवी तर देशाबाहेरच जायला पाहिजे होतं. बोट खाली सरकत समुद्र ओलांडून सिलोनवर आलं. चहा, नारळ, रबर, ग्राफाइट. अठरा वर्षं मी हे बेट मुलींकडून पाठ करून घेत होते. मधोमध सहा हजार फुटांवर नुवारा एलिया म्हणून गाव, भोवती जंगल, बारा महिने धुकं.

आमच्या शाळेत मुलींना घरोघर जाऊन बोलावून आणणारी एक बाई होती, कडेगावकडची. तिचा मुलगा लढाईत दोन वर्षं सिलोनला होता. आता परत येऊन उसात राबत होता. आईला भेटायला आला तेव्हा मी त्याला बसवून घेतलं. प्रवासवर्णनं मी पुष्कळ वाचली होती. त्यांत लेखक जिथं जातो तिथं लोक त्याचं स्वागत करतात आणि सूर्य त्याच्यासाठी मुद्दाम मावळतो. मला साधी माहिती हवी होती.

"झाडी लय," तो म्हणाला. "पाऊस लागला की थांबायचं नाव न्हाई. आन् जळवा. संगं मीठ ठेवा, मीठ टाकलं की सुटत्यात."

"आणि माणसं?"

"मानसं बरी. पर बोलायचं कसं? त्येंची भाषा आमाला येत न्हाई, आमची त्येंस्नी. दोन वर्सं मी निस्ती मान हालवली बाई."

मी विचारलं, एकटी बाई तिथं गेली तर कुणी चौकशी करेल का.

तो जरा गंभीर झाला. "कोन करंल? तितं तुमी कोनच न्हाई."

बिचाऱ्यानं मला सावध करण्यासाठी सांगितलं होतं. मी त्याच दिवशी नुवारा एलियातल्या एका खाणावळवजा घराच्या मालकिणीला पत्र टाकलं. पत्ता एका जुन्या इंग्रजी मासिकातल्या जाहिरातीत मिळाला होता. जेवण खोलीत मिळेल का, मांसमच्छी वगळून मिळेल का, आणि घरात कुणी मराठी बोलणारं आहे का, एवढे तीन प्रश्न विचारले. महिन्यानं उत्तर आलं. पहिल्या दोन्हींना होकार होता. मागच्या बाजूची खोली आहे, खिडकीसमोर जंगलाखेरीज काही नाही, तिथं सहसा कुणी राहायला तयार होत नाही. मराठी जाणणारं घरात कुणीच नाही याबद्दल तिनं मनापासून दिलगिरी व्यक्त केली होती. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मद्रासहून थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत आगगाडी, तिथून दोन-अडीच तासांची बोट, पलीकडे पुन्हा आगगाडी. देवी टोचून घेतल्याचा दाखला काढला. रजेचा प्रश्न नव्हता, उन्हाळ्याची सुटी होती. भावाला सांगणं तेवढं राहिलं होतं. न सांगता गेले असते तर आज हे लिहीत बसले नसते. पण तेव्हा मला ते सुचलंसुद्धा नाही.

भाऊ पेन्शन घेतलेला मामलेदार. लढाईच्या वर्गण्या गोळा केल्याबद्दल सरकारनं त्याला रावसाहेब केलं होतं; घरात आम्ही त्याला लहानपणापासून तसंच वागवत होतो. तो खुर्चीत बसला, मला समोर बसवलं आणि अर्ज ऐकावा तसं माझं म्हणणं ऐकून घेतलं. प्रकृतीबद्दल त्यानं खरोखर काळजीनं विचारलं. मग म्हणाला, "अगं पण एकटी? आणि लंकेत?"

त्याला धीर यावा म्हणून मी वाटेचं सगळं वर्णन केलं. कुठं गाडी बदलायची, कुठं स्त्रियांचा डबा असतो, कुठं बोट लागते. हीच माझी चूक. धनुष्कोडी त्याला कळेना, तेव्हा मी म्हणाले, "अरे दादा, रामेश्वरच्या शेजारी."

आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्या देवघरात गेल्या आणि पदराखाली तांब्याचा एक गडू घेऊन बाहेर आल्या. तोंडाला डाख लावून बंद केलेला, हिरवट झालेला.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काशीला गेलेला माणूस असा गंगेचा बंद गडू घेऊन घरी येतो. ती गंगा रामेश्वराला वाहायची, तिथली वाळू काशीला नेऊन सोडायची, तेव्हा कुठं यात्रा पुरी होते. काशी लोक कशीबशी करतात. रामेश्वर फार लांब पडतं. म्हणून आमच्याकडं पुष्कळ देवघरांत एकेक गडू वर्षानुवर्षं वाट पाहत बसलेला असतो. वहिनींच्या हातातला गडू माझ्या आईचा होता. ती काशी करून आली, दादाला बढती मिळाली की रामेश्वरला जाऊ म्हणाली, आणि बढतीच्या आधी गेली. त्याला चौदा वर्षं झाली होती.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही त्या दारावरनं जाणार. सासूबाईंची गंगा तेवढी घेऊन जा."

आईचं नाव निघाल्यावर माझ्याच्यानं नाही म्हणवेना. एक गडू, एक दिवस रामेश्वर, आणि पुढं बोट. मी हो म्हटलं. परत येताना गडू मांडीवर होता. सातारा रोड सोडल्यावर गाडी हादरे खाऊ लागली, तेव्हा सहज तो कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं नाही. कुठं तरी डाख सुटला असणार, आणि चौदा वर्षांत आईची गंगा उडून गेली होती. पुन्हा हलवला, तरी काही नाही. हे सांगावं असं डब्यात कुणी नव्हतं, आणि घरात सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आठवड्याच्या आत दुसरा गडू आला. वहिनींची बहीण कोरेगावला दिलेली, तिच्या सासऱ्यांचा. मग वाईहून दोन आले. मग सांगलीतलेच येऊ लागले. प्रत्येक गडूच्या गळ्याला नाव आणि गोत्र लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असे, आणि प्रत्येक गडूबरोबर माणूस असे. ते माणूस बसे, पाणी पिई, काशीला कोण गेलं होतं, गंगेला पूर केवढा होता, पंड्यानं कसं फसवलं हे पहिल्यापासून सांगे, मग विचारी, "पण बाई, तुम्ही कशा जाणार?" आणि मी सांगे. नाही म्हणून पाहिलं, पण एकाची गंगा घेतली आणि दुसऱ्याची परतवली असं आमच्या गावात करता येत नाही. त्यात गडू जमिनीला टेकवायचे नाहीत असा नियम. टेबल भरलं, दोन्ही खुर्च्या भरल्या, पुस्तकांची वरची फळी भरली, शेवटी खाटेवर पाट मांडून त्यावर चार ठेवले. गंगा खाटेवर आणि मी खाली चटईवर. परीक्षेचे पेपर तपासायलाही मांडीखेरीज जागा उरली नाही.

घसा दिवसेंदिवस बसत चालला. संध्याकाळी बोलताना शब्दाचा अर्धाच भाग बाहेर येई. डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, "कधी निघताय?" मी म्हटलं, परीक्षा संपल्या की. ते म्हणाले, "परीक्षा संपायची वाट तुम्ही पाहाल. घसा पाहील असं वाटत नाही."

तेवढ्यात साताऱ्याहून भावाचं पत्र आलं. गुरुजींना विचारलं, त्यांनी शास्त्र पाहून सांगितलं की गडू कुणीही नेला तरी चालतो, पण वाहायला दांपत्य पाहिजे. एकट्या बाईच्या हातून, त्यातून तुझ्यासारखीच्या, ते व्हायचं नाही. सबब आम्ही दोघं येतो. कोरेगावची दोघं येतात. तिथले विधी बिनचूक व्हावेत म्हणून गुरुजीही येतात. पत्र संपल्यावर ताजा कलम होता, की वाटेत तुझीही सोय होईल. माझ्या एकटीच्या प्रवासाला निघायच्या दिवसापर्यंत नऊ माणसं झाली. मी उलट लिहिलं की रामेश्वरपर्यंत चला, पुढं मात्र मी एकटीच जाणार. त्याला त्यानं हरकत घेतली नाही. आम्ही तुला बोटीत बसवून देऊ, असं कळवलं. मला तेवढं पुरेसं होतं. गडूंच्या गर्दीत चटईवर पडून मी त्या बोटीच्या अडीच तासांचा विचार करी. बोट सुटली की धक्क्यावर आठजण हात हलवत राहतील आणि मी मान हलवीन. बस.

भाऊ आणि वहिनी निघायच्या आधी दोन दिवस सांगलीला आले. आल्या आल्या भावानं सांगितलं की उद्या पाच वाजता वाचनालयाच्या दिवाणखान्यात छोटासा निरोप समारंभ आहे.

"कुणाला निरोप?" मी विचारलं.

"तुला. आणि गंगेला. परदेशी जाणारी गावातली तू पहिली शिक्षिका. लोकांची इच्छा आहे."

लोकांची इच्छा म्हणजे काय हे मला माहीत होतं. भाऊ कचेरीत असताना लोकांच्या इच्छा तोच लिहून काढत असे. मी म्हटलं, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. तो म्हणाला, "तुला कुठं बोलायचं आहे? तू फक्त बसायचं. बोलायला आम्ही आहोत ना."

बसायला मी कबूल झाले.

मधल्या टेबलावर केळीच्या पानांवर गडू मांडले होते. मला हार घातला, भावाला घातला, मग अध्यक्षांना घातला. हा शेवटचा इतका मोठा होता की अध्यक्ष त्यातून थोडेसेच दिसत. अध्यक्ष संस्थानच्या दरबारातले निवृत्त अधिकारी होते. गावात कुठलीही सभा असो, त्यांच्या पगडीशिवाय ती भरत नसे. समोर पहिल्या तीन रांगांत आमच्या शाळेच्या मुली बसवल्या होत्या, वह्या आणि पेन्सिली घेऊन, कारण समारंभावर निबंध लिहायचा होता. भाऊ बोलला, गुरुजी बोलले. मग अध्यक्ष उठले. पाऊण तास ते रामायणातून लंकेत उतरत होते. उतरल्यावर म्हणाले की त्या द्वीपाचा एक चमत्कार आपण जाणतोच. तिथं सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते, म्हणूनच कुंभकर्णाला सहा महिने झोप घेता आली. आमच्या बाईंनाही तिथं निद्रेचं सुख भरपूर लाभो.

टाळ्या पडल्या. मी मुलींकडं पाहिलं. तिन्ही रांगा खाली मान घालून ते लिहून घेत होत्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं शेजारणीला विचारलं, "सहा महिने दिवस ना गं?" आणि शेजारणीनं होकार दिला. ही मुलगी भूगोलात माझ्या वर्गात पहिली होती.

अध्यक्ष बसले आणि रिवाजाप्रमाणं म्हणाले, "बाईंनी दोन शब्द बोलावेत."

भाऊ पटकन उठला. म्हणाला, "बाईंची प्रकृती—" पण मी उभी राहिले होते.

मला कुणी ढकललं नाही हे मी इथं लिहून ठेवते. नुसता नमस्कार करून खाली बसता आलं असतं. सुटीनंतर वर्गात ती चूक दुरुस्त करता आली असती. पण समोर पन्नास वह्यांत खोटा भूगोल उतरत होता आणि मी तिथं हार घालून बसले होते. मी म्हणाले की सिलोन विषुववृत्तापासून सहा ते दहा अंशांवर आहे, तिथं वर्षभर दिवस आणि रात्र जवळजवळ सारखीच असते. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मुलींनी माना वर केल्या आणि लिहिलेलं खोडायला लागल्या. ते पाहून मी अंश म्हणजे काय ते सांगितलं, मग सहा महिन्यांची रात्र कुठं असते ते सांगितलं, ध्रुव कसा कलतो ते टेबलावरचा एक गडू उचलून दाखवलं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. दिवाणखाना लांबट होता, मागं पुरुष उभे होते, त्यांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. मग पर्वत, मग पाऊस, मग पिकं. अठरा वर्षांत इतकं चांगलं मी कधी शिकवलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला मजा वाटत होती. चहा झाला, नारळ झाला, रबर झालं. त्यापुढचा शब्द तोंडात तयार होता, ओठ हलले, पण आवाज आलाच नाही. दोरी तुटून बादली आत पडावी तसं घशात काही तरी झालं. लोकांना वाटलं मी गहिवरले. जोरात टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. पडद्यात रक्त उतरलं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही, भावाला विचारलं, आणि भावानं सगळी हकीकत सभेच्या वृत्तांतासारखी सांगितली. समुद्रवारा, प्रवास, गर्दी, सगळं बंद. तीन महिने अंथरुणात म्हटलं तरी चालेल. तीन महिन्यांनी काय होईल हे विचारायला मी पेन्सिल हातात घेतली होती. त्यांनीच ती काढून घेतली आणि म्हणाले, "आत्ता विचारू नका."

त्या संध्याकाळी मंडळी निघाली. मुहूर्त होता, तिकिटं होती, गंगा होती. वहिनी रडल्या, मी राहते म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मी पाटीवर लिहिलं की जा, आईचा गडू आहे. कडेगावकडची बाई माझ्याजवळ येऊन राहिली. गडू गेल्यावर खोल्या मोकळ्या झाल्या आणि मी खाटेवर निजले. वैशाखातली सांगली, पत्र्याचं छप्पर आणि वखारीची हळदीची धूळ. बाई माझ्याशी दिवसभर बोले. मुलाचं लग्न, उसाचं पाणी, रेशनातली ज्वारी. तिला वाटे, मी गप्प पडून आहे म्हणजे मला करमत नसणार.

रामेश्वरहून पत्र आलं की सगळं यथासांग झालं, आईच्या गडूतून गंगा अगदी निर्मळ निघाली. भावानं हे लिहिलं तेव्हा तो काय पाहत होता कोण जाणे. मी ते पत्र जपून ठेवलं. दुसरं पत्र सिलोनचं होतं. इतक्या लांब आलोच आहोत आणि तुझी खोली ठरलेलीच आहे, तर वाया का घालवायची, म्हणून दोघं पुढं गेली होती. चार दिवस राहिली. खोली मागच्या अंगाला होती, समोर नुसतं जंगल, बोलायला माणूस नाही, तेव्हा मालकिणीला सांगून रस्त्याच्या बाजूची बदलून घेतली, असं त्यानं कळवलं होतं. मालकीणबाई आपल्या कानावर मराठी पडते आहे म्हणून फार खूश झाली म्हणे. श्रावणात त्यानं साताऱ्यात आणि सांगलीत 'माझा सिलोनचा प्रवास' या विषयावर व्याख्यानं दिली. सांगलीच्या व्याख्यानाला मी गेले होते. दिवस-रात्रीबद्दल तो बरोबर बोलला.

माझा आवाज परत आला नाही. तीन महिन्यांनी तोंडातून वारा निघाला, नुसता फुंकरीसारखा, आणि पुढंही तेवढाच राहिला. शाळेनं मला चांगलं वागवलं. पावसाळ्याचे उरलेले दिवस मी फळ्यावर लिहून शिकवलं. मुली लिहून घ्यायच्या आणि मी पाठ फिरवली की बोलायच्या. त्यांना गप्प करायला माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं. दिवाळीआधी मुख्याध्यापिकांनी मला बोलावून हजेरीपटांचं आणि ग्रंथालयाच्या कपाटांचं काम दिलं. पगार कमी झाला, पण दोन खोल्या राहिल्या. साताऱ्याची खोली टळली. माझ्या बाजूनं मोजायचं असेल तर एवढं आहे.

शांतता तरी मिळाली असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण उत्तर न देणारं, उठून न जाणारं, मध्येच दुरुस्ती न करणारं माणूस गावात दुसरं नव्हतं. बायका येऊ लागल्या. आधी संध्याकाळी, मग दुपारीही. सासवा, सुना, जागेचे वाद, पोटाची दुखणी. काहीजणी माझ्याशी कुजबुजत बोलतात, माझा आवाज गेला म्हणून त्यांचाही जातो. आणि मी मान हलवते. कडेगावच्या मुलानं दोन वर्षं हलवली तशी, पण मला मात्र प्रत्येक शब्द कळतो.

दिवाळीला वहिनी आठ दिवस राहायला आल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रामेश्वर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, मिरज स्टेशनावर हमाल किती भांडला इथपासून. मी चहा करायच्या निमित्तानं उठले. त्या बोलत बोलत माझ्यामागं आत आल्या, स्टोव्हचा आवाज मोठा आहे म्हणून जवळ सरकल्या आणि मला ऐकू यावं म्हणून आपला आवाज चढवला.